रक्तातली चमचाभर साखर

 

सुरुवातीला एक वस्तू दाखवतो. हा आपल्या घरातला चहाचा चमचा. यात सपाट भरून साखर घेतली तर साधारण चार-पाच ग्रॅम बसते. आता मला सांगा, तुमच्या अंगात जे पाचेक लिटर रक्त फिरतंय, त्या सगळ्या रक्तात मिळून या क्षणी किती साखर असेल? मी वर्गात हा प्रश्न विचारायचो तेव्हा मुलं पाव किलोपर्यंत जायची. उत्तर आहे, हा एक चमचा.

हिशोब तुम्हीच करून बघा. निरोगी माणसाची उपाशीपोटीची साखर शंभर मिलिलिटर रक्तात ९० ते १०० मिलिग्रॅमच्या आत-बाहेर असते. म्हणजे लिटरला जवळजवळ एक ग्रॅम, आणि पाच लिटरला पाच ग्रॅम. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर पुन्हा तपासूनही आली, की डॉक्टर मधुमेह म्हणतात. १२६ म्हणजे सगळ्या रक्तात मिळून सव्वासहा ग्रॅमच्या जरा वर. शंभरच्या आकड्यापासून मधुमेहाच्या रेषेपर्यंतचं अंतर पाव चमच्याचं आहे.

एका जेवणात आपण साठ-सत्तर ग्रॅम, कधी शंभर ग्रॅम ग्लुकोज होईल इतकं पिष्ट खातो. मग पुढचे पाच-सहा तास काही खात नाही. रात्री दहा तास तर काहीच नाही. तरी चमचा ना उतू जातो, ना रिकामा होतो. जेवल्यावर तो उतू का जातो यावर सगळे बोलतात. मी आज दुसऱ्या बाजूबद्दल बोलणार आहे. पोट रिकामं असताना हा चमचा कोण भरतं? आणि आपली एखादी गोळी त्या भरणाऱ्याचे हात बांधते तेव्हा काय होतं?

मी बडोद्याला असतो. तीस वर्षं कॉलेजात बायोकेमिस्ट्री शिकवली, म्हणजे शरीरातलं रसायनशास्त्र. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे औषधांची नावं येणार आहेत. गोळी अंगात जाऊन काय करते ते मी सांगेन. ती घ्यायची का, किती घ्यायची, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं.

हा विषय मी निवडला तो आईमुळे.

सात वर्षांपूर्वीची आषाढी एकादशी. आई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांची, मधुमेहाला पंधरा वर्षं झालेली, किडनी जराशी थकलेली. गोळ्यांचा डबा सकाळी मीच उघडून देतो. त्या दिवशीही दिला. एक ग्लिमेपिराइड, एक मेटफॉर्मिन, पाण्याबरोबर. त्या वर्षी तिने फराळसुद्धा करायचा नाही असं ठरवलं होतं. साबुदाण्याने साखर वाढते असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. म्हणून दिवसभर नुसतं पाणी आणि बिनसाखरेचा चहा. मला वाटलं, बरंच आहे, एक दिवस पोटाला विश्रांती, साखरही आटोक्यात राहील.

चारच्या सुमाराला तिच्या खोलीत गेलो तर पंखा चालू असून पदर घामाने चिंब. म्हटलं, ‘‘आई, बरं वाटत नाही का गं?’’ तर माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘तुम्ही शाळेतून कधी आलात?’’ शाळेत मास्तर माझे वडील होते. त्यांना जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. मी हात धरायला गेलो तर झटकून दिला, चिडली. जीभ जड येत होती. मला वाटलं पक्षाघात. रिक्षा बोलवायला बाहेर धावलो, तर आवाज ऐकून शेजारच्या बेन आपलं साखर मोजायचं मशीन घेऊन आल्या. बोटाला टोचलं. आकडा आला ३८.

त्या क्षणी भीतीच्याही आधी मला लाज वाटली. त्याच महिन्यात, उपाशी माणसाच्या लिव्हरमध्ये काय घडतं यावर मी वर्गात तीन तास घेतले होते.

आई गिळू शकत होती म्हणून बेननी साखरेचं पाणी पाजलं, निम्मं सांडलं. दवाखान्यात शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पाच-सात मिनिटांत ती उठून बसायला लागली. ‘‘अरे, मला इथे कशाला आणलंयस? आज एकादशी ना?’’ मी म्हटलं, चला, घरी नेतो. डॉक्टर म्हणाले, नाही, रात्रभर इथेच. गोळी अजून अंगात आहे. रात्री अकराला साखर पुन्हा ६१ वर आली, तेव्हा त्यांचं म्हणणं मला कळलं.

आता हे का झालं, ते पहिल्यापासून बघू.

पोळी, भात, भाकरी, साबुदाणा, बटाटा, या सगळ्यात पिष्ट असतं. पिष्ट म्हणजे ग्लुकोजच्या मण्यांची लांबच लांब माळ. भाकरीचा घास तोंडात बराच वेळ चावत राहा, हळूहळू गोडसर लागायला लागतो. लाळेतलं अमायलेज माळ तोडायला तिथेच सुरुवात करतं. लहान आतड्यात माळ पूर्ण सुटते आणि मणी एकेक करून रक्तात जातात. आतड्यातून निघालेलं हे रक्त थेट हृदयाकडे जात नाही, आधी लिव्हरमधून जातं. पूर्वी शहराच्या तोंडाशी जकात नाका असायचा ना, तसं. बराचसा माल तिथेच उतरवून घेतला जातो.

बाकीचं ग्लुकोज पेशींपर्यंत पोचतं. पेशीत शिरल्या शिरल्या त्याच्यावर फॉस्फेटचा शिक्का बसतो, आणि शिक्का बसलेलं ग्लुकोज परत बाहेर जाऊ शकत नाही. हा शिक्का लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. मग दहा पायऱ्यांत त्या सहा कार्बनच्या रेणूचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. या दहा पायऱ्यांत ऑक्सिजन लागत नाही, पण मिळकतही थोडी. निव्वळ दोन एटीपी. ऑक्सिजन असेल तर ते तुकडे मायटोकॉन्ड्रियात जातात, तिथे पूर्ण जळतात, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उरतं, आणि एकूण मिळकत तीस-बत्तीस एटीपीवर जाते. तुम्ही बारावीला ३८ पाठ केले असतील. चूक तुमची नाही. मोजणी नंतर सुधारली.

एटीपी म्हणजे पेशीतली सुट्टी नाणी. ग्लुकोज ही मोठी नोट, ती घेऊन पेशीच्या बाजारात काही मिळत नाही. हात हलवायचा, विचार करायचा, नवीन प्रथिन जोडायचं, सगळं या नाण्यांवर. हे एटीपी स्नायूंतून वेगळं काढणाऱ्यांपैकी एक आपला माणूस होता. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्याबरोबर त्यांनी फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली, ती १९२५ ला छापून आली. आणि १९२९ मध्ये या दोघांनी एटीपी दाखवलं. त्याच वर्षी जर्मनीत लोहमान यांनीही. आंध्र-तेलंगणातून ऐकणाऱ्या मंडळींना हे नाव माहीत असेलच. महाराष्ट्रात मात्र मी दहा विद्यार्थ्यांना विचारलं तर एकाला ठाऊक असायचं.

अंगात कोणत्याही क्षणी एटीपीचा साठा अगदी थोडा असतो. तीच नाणी पुन्हा पुन्हा फिरतात. दिवसभरातली उलाढाल मोजली तर ती जवळजवळ तुमच्या वजनाइतकी भरते. म्हणून इंधन थांबून चालत नाही.

बहुतेक अवयवांना पर्याय आहे. हृदय चरबी जाळतं, आराम करणारा स्नायू चरबी जाळतो. दोन गिऱ्हाइकं मात्र हट्टी. एक, तांबड्या रक्तपेशी. त्यांच्यात मायटोकॉन्ड्रियाच नसतात, त्यामुळे त्या त्या दोन एटीपीवरच जगतात. दुसरा, मेंदू. चरबीचे आम्ल मेंदू इंधन म्हणून वापरत नाही. रोजच्या खाण्यापिण्यात त्याला ग्लुकोजच लागतं, दिवसाला साधारण १२० ग्रॅम. म्हणजे तासाला पाच ग्रॅम. म्हणजे पुन्हा हा एक चमचा.

रक्ताबाहेर पेशींभोवतीच्या पाण्यातही थोडं ग्लुकोज असतं, पण ते धरूनही गोष्ट तासा-दोन तासांची आहे. रात्री दहाला झोपलेला माणूस सकाळी शुद्धीवर उठतो, याचा अर्थ रात्रभर कुणीतरी चमचा भरत बसलेलं असतं.

ते कोण, हे पहिल्यांदा नीट दाखवलं क्लोद बर्नार यांनी, पॅरिसमध्ये, १८४८ साली. त्या काळी समज असा होता की साखर वनस्पती बनवतात आणि प्राणी ती फक्त खातात नि जाळतात. बर्नारनी कुत्र्याला नुसत्या मांसावर ठेवलं, साखरेचा कण नाही, पिष्टाचा कण नाही, आणि लिव्हरमधून बाहेर पडणारं रक्त तपासलं. त्यात साखर भरपूर. मग त्यांनी १८५५ मध्ये केलेला प्रयोग मला फार आवडतो. नुकतंच काढलेलं लिव्हर घेऊन त्याच्या रक्तवाहिन्यांतून पाणी सोडत राहिले, बाहेर येणाऱ्या पाण्यात साखर अजिबात येईनाशी होईपर्यंत. मग ते लिव्हर तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी तपासलं, तर त्यात पुन्हा साखर. म्हणजे लिव्हरमध्ये असं काहीतरी साठवलेलं होतं जे धुऊन जात नाही पण ज्याची साखर होते. १८५७ मध्ये त्यांनी तो पदार्थ वेगळा काढला. ग्लायकोजेन.

आपण जेवतो तेव्हा लिव्हर जकात म्हणून जे उतरवून घेतं, त्याचं ते ग्लायकोजेन करून ठेवतं. पोटभर जेवल्यावर मोठ्या माणसाच्या लिव्हरमध्ये ऐंशी ते शंभर ग्रॅम. स्नायूंमध्ये याहून कितीतरी जास्त, तीनशे-चारशे ग्रॅम. मग अडचणीच्या वेळी स्नायूंनी द्यावं ना थोडं? देऊ शकत नाहीत. मघाचा तो शिक्का आठवा. शिक्का काढायचं एन्झाइम लिव्हरकडे आहे, स्नायूंकडे नाही. स्नायूंतलं ग्लुकोज स्नायूंतच जळतं.

एक आडवाट मात्र आहे. जोरात काम करणारे स्नायू आणि तांबड्या पेशी ग्लुकोजचे अर्धवट तुकडे लॅक्टेट म्हणून रक्तात सोडतात. लिव्हर ते गोळा करतं आणि त्यांचं पुन्हा ग्लुकोज बनवतं. गर्टी आणि कार्ल कोरी या पती-पत्नींनी हे चक्र मांडलं. दोघांना १९४७ चं नोबेल मिळालं. वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालेल्या गर्टी या पहिल्या स्त्री.

विश्रांतीत, साठ-सत्तर किलोच्या माणसाचं लिव्हर तासाला आठेक ग्रॅम ग्लुकोज रक्तात सोडत असतं. संध्याकाळच्या जेवणानंतर सुरुवातीला साठ्यातलं. सकाळ होईपर्यंत निम्मं साठ्यातलं आणि निम्मं नव्याने बनवलेलं. लॅक्टेटपासून, चरबी फुटल्यावर सुटणाऱ्या ग्लिसरॉलपासून, स्नायूंतल्या प्रथिनांच्या तुकड्यांपासून. दिवसभराच्या कडक उपासाने साठा जवळपास संपतो आणि मग बहुतेक सगळं नवीन बनवावं लागतं. किडनीही यात हातभार लावते.

मग लिव्हरला कधी उतरवून घ्यायचं आणि कधी सोडायचं, हे सांगतं कोण?

पोटामागे आडवं पसरलेलं स्वादुपिंड आहे. त्यात पेशींची बारीक बारीक बेटं आहेत. पाउल लांगरहान्स नावाच्या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने ती १८६९ मध्ये पाहिली. बेटांतल्या बीटा पेशी इन्सुलिन सोडतात, अल्फा पेशी ग्लुकागॉन. इन्सुलिन म्हणतं, साठव. ग्लुकागॉन लिव्हरला म्हणतं, सोड. जेवल्यावर इन्सुलिन वर जातं. उपाशीपोटी ते खाली येतं आणि ग्लुकागॉनला वाव मिळतो. रक्तात सुटलेलं इन्सुलिन पाच-सहा मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे हुकूम फार वेळ रेंगाळत नाही.

इथे जरा थांबून बीटा पेशी साखर ओळखते कशी ते सांगतो, कारण आईची सगळी गोष्ट या एका जागेत आहे.

बीटा पेशी साखर जाळून ओळखते. बाहेर जितकं ग्लुकोज, तितकं तिच्या आत शिरतं. जितकं शिरतं तितकं जळतं, आणि तितकं एटीपी वाढतं. तिच्या भिंतीत पोटॅशियम बाहेर जाऊ देणारी छोटी दारं आहेत. एटीपी वाढलं की ती दारं मिटतात. दारं मिटली की भिंतीवरचा विद्युतभार बदलतो, त्याने कॅल्शियमची दारं उघडतात, कॅल्शियम आत येतं आणि इन्सुलिनच्या पिशव्या बाहेर रिकाम्या होतात. साखर कमी झाली की एटीपी कमी, दारं पुन्हा उघडी, इन्सुलिन बंद. बीटा पेशी म्हणजे स्वतः चव घेऊन मग पंगतीला वाढणारी सुगरण.

ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिपिझाइड, या गोळ्या नेमक्या त्याच पोटॅशियमच्या दाराला जाऊन चिकटतात आणि ते मिटवतात. साखर असो वा नसो. बीटा पेशीला वाटतं घरात भरपूर एटीपी आहे, म्हणजे बाहेर भरपूर साखर आहे. ती इन्सुलिन सोडते. जेवलेल्या माणसात हे उपकारकच आहे. लाखो लोक या गोळ्यांवर चांगलं आयुष्य जगतात, त्या स्वस्त आहेत, आणि मी त्यांच्या विरुद्ध बोलत नाहीये. पण या औषधांचा शोधच कसा लागला पाहा. १९४२ साली फ्रान्समध्ये, माँपेलिए इथे, टायफॉइडच्या रुग्णांना एक नवीन सल्फा औषध देत होते. रुग्ण घामाघूम व्हायचे, काहींना झटके यायचे. तपासलं तर रक्तातली साखर भलतीच खाली गेलेली. औषध टायफॉइडसाठी होतं, माणसं आजारी, पोटात अन्न नाही. ती साखर उतरवायची ताकद पुढे मधुमेहासाठी वापरली गेली.

आता बडोद्यातलीच एक गोष्ट. आमच्या सोसायटीत जैन कुटुंबं बरीच आहेत. पर्युषणात काहीजण अठ्ठाई करतात, आठ दिवस फक्त उकळलेलं पाणी. मी विद्यार्थ्यांना नेहमी विचारायचो, लिव्हरचा साठा एका दिवसात संपतो, मग ही माणसं आठव्या दिवशी पायऱ्या चढून देरासरात कशी जातात? उत्तर असं, की उपासात इन्सुलिन खूप खाली जातं. ते खाली गेलं की दोन कुलपं उघडतात. एक, लिव्हर नवीन ग्लुकोज बनवायला मोकळं होतं. दुसरं, चरबी फुटायला लागते आणि लिव्हर तिच्यापासून कीटोन बनवतं. चरबी न वापरणारा मेंदू कीटोन मात्र आनंदाने वापरतो. दीर्घ उपासात त्याची निम्म्याहून जास्त गरज कीटोनवर भागते, आणि ग्लुकोजची मागणी कमी होते. शरीराला उपास येतो. हजारो पिढ्यांचा सराव आहे त्याला.

पण दोन्ही कुलपांची किल्ली एकच. इन्सुलिन खाली येणं.

आईच्या अंगात त्या दिवशी सकाळपासून एक पदार्थ होता जो इन्सुलिनला खाली येऊ देत नव्हता. तिच्या लिव्हरला दुपारी चार वाजतासुद्धा हुकूम होता, साठव, सोडू नकोस. आणि चरबीलाही हुकूम, फुटू नकोस. त्यामुळे ग्लुकोज आटलं आणि कीटोनही आले नाहीत. मेंदूला दोन्ही चुली विझलेल्या मिळाल्या. थकलेल्या किडनीमुळे गोळीचा असर जास्त वेळ अंगात राहिला, म्हणून रात्री पुन्हा ६१. अठ्ठाई करणारी शेजारीण आणि माझी आई यांच्यात फरक भक्तीचा नव्हता, ताकदीचाही नव्हता. सकाळी मी दिलेल्या त्या एका गोळीचा होता.

घाम, थरथर, धडधड हे शरीराने वाजवलेले भोंगे असतात. साखर ७० च्या खाली येऊ लागली की ॲड्रेनलिन सुटतं आणि लिव्हरला हाका मारतं. ५४ च्या खाली मेंदूचं काम बिघडायला लागतं. माणूस चिडतो, असंबद्ध बोलतो, कधी एका बाजूची ताकद गेल्यासारखी वाटते. म्हणून मधुमेही माणूस अचानक विचित्र वागायला लागला तर आधी बोटाला टोचा. एक मिनिट लागतं. रक्तदाब किंवा हृदयासाठी मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल यांसारख्या गोळ्या चालू असतील तर थरथर आणि धडधड दबून जाते, घाम तेवढा येतो. आईचा भिजलेला पदर हा असाच एकटा भोंगा होता. तिलाही मेटोप्रोलॉल चालू होती.

माणूस शुद्धीत असेल, गिळू शकत असेल, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज द्यायचं. तीन सपाट चमचे पावडर पाण्यात. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, वर आली नसेल तर पुन्हा द्यायचं, आणि मग काहीतरी खायला. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या चरबीमुळे साखर रक्तात यायला उशीर लागतो. अजून एक बारकावा. काहींना व्होग्लिबोज किंवा ॲकार्बोज नावाची गोळी असते. ती आतड्यात साखरेची माळ तुटू देत नाही. अशांना नेहमीच्या साखरेचं पाणी दिलं तर ते वेळेवर कामाला येत नाही, तिथे ग्लुकोज पावडरच लागते. आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही ओतायचं नाही. ते श्वासनळीत जातं. तसाच दवाखाना गाठायचा.

आता या लिव्हरची दुसरी बाजूही थोडक्यात सांगतो, नाहीतर अर्धंच बोलल्यासारखं होईल. मला नेहमी विचारलं जाणारा प्रश्न असा, ‘‘सर, रात्री जेवलोच नाही, तरी सकाळी साखर १६०. मशीन बिघडलंय का?’’ मशीन ठीक आहे. पहाटे कॉर्टिसॉल आणि ग्रोथ हॉर्मोन वर येतात आणि लिव्हर रक्तात थोडी जास्त साखर सोडतं. निरोगी माणसात इन्सुलिन लगेच आवर घालतं. मधुमेहात इन्सुलिन अपुरं असतं किंवा लिव्हर त्याचं ऐकत नाही, त्यामुळे ते सोडतच राहतं. ती १६० काल रात्री खाल्लेल्या पोळीची नाही, पहाटे लिव्हरने सोडलेल्या साखरेची आहे. घरातले मात्र म्हणतात, ‘‘चोरून काहीतरी खाल्लं असणार.’’ मीही आईला म्हणालो आहे असं. मेटफॉर्मिन मुख्यतः लिव्हरची ही सुटलेली धार कमी करते. बीटा पेशीचं दार ती मिटवत नाही, म्हणून एकटी घेतली तर साखर धोक्याइतकी खाली नेण्याची शक्यता फार कमी असते.

लिव्हर का ऐकत नाही, तर बऱ्याचदा त्याच्यात चरबी साठलेली असते म्हणून. आणि त्यासाठी माणूस लठ्ठच दिसायला हवा असं नाही. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा नि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. शेजारी शेजारी उभे, हसतायत. हा फोटो मी वर्गात लावला की सडपातळ मुलं गप्प व्हायची. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीने २०२३ मध्ये देशातल्या मधुमेहींचा आकडा १० कोटी १० लाख सांगितला, त्यात अशी सडपातळ माणसं खूप आहेत.

आणि आपण उपासही खूप करतो. चतुर्थी, एकादशी, श्रावणी सोमवार, नवरात्र. त्यात दोन तऱ्हा. एकादशी अन् दुप्पट खाशी ही एक. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात बटाटा, वर रताळ्याचा कीस. दाण्याचं कूट आणि तूप त्याला जरा सावकाश करतात इतकंच. तिथे चमचा उतू जातो. दुसरी तऱ्हा आईची, काहीच नाही, आणि गोळी मात्र नेहमीची. पहिल्या तऱ्हेबद्दल डॉक्टर रागावतात. दुसरी आपण त्यांना सांगतच नाही, कारण आपल्याला ती शिस्त वाटते. उपास करायचा असेल तर काही दिवस आधी जाऊन विचारा की त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची, कोणती नाही, किती घ्यायची. इन्सुलिनची सुई असेल तर हमखास विचारा. आणि त्या दिवशी साखर मोजा. बोटाला टोचल्याने उपास मोडत नाही.

आई आता एक्याऐंशीची आहे. त्या एकादशीनंतर डॉक्टरांनी तिची ग्लिमेपिराइड बंद करून दुसरं औषध दिलं. उपास सोडायला ती तयार नव्हती आणि मीही आग्रह धरला नाही. गेल्या आषाढीला सकाळी अकराला तिने वाटीभर भगर, दाण्याची आमटी आणि दही घेतलं. चार वाजता मी मशीन घेऊन गेलो, तर तिने आधीच मोजलं होतं. भिंतीवरच्या कालनिर्णयात एकादशीच्या चौकटीत पेन्सिलीने लिहिलेलं, ११२. मी म्हटलं, ‘‘मला बोलवायचं नाही का?’’ तर म्हणाली, ‘‘तू मागच्या वेळी शिकवत बसला होतास. म्हटलं, आपलं आपण बघावं.’’